सासू-जावयाच्या कराराचा नमुना

३ सप्टेंबर

परवाना कार्यालयातून आज पुन्हा हात हलवत परत आले. खिडकीतल्या बाईंनी माझ्या गुडघ्याबद्दलचं डॉक्टरांचं पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही गाडी शिकवू शकत नाही."

"शिकवू शकते. माझ्या बाजूचा ब्रेक दाबू शकत नाही."

"आमच्या लेखी ते एकच."

ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना या महिनाअखेरीस संपतोय. नूतनीकरणासाठी मालक किंवा भागीदार, कोणीतरी एक धडधाकट आणि प्रमाणपत्रवाला शिक्षक हवा. मी मालक आहे, धडधाकट नाही. जावई धडधाकट आहे, प्रमाणपत्र आहे, गेली काही वर्षं सगळे वर्ग तोच घेतो, पण कागदावर तो नोकर. म्हणजे आता त्याला भागीदार करायचा आणि तसा करारनामा तीस तारखेच्या आत त्या खिडकीत सरकवायचा. नाहीतर शाळेला कुलूप. आमचे हे गेल्यावर मी एकटीने उभी ठेवलेली शाळा एका गुडघ्यापायी बंद होणार, या नुसत्या विचाराने माझं डोकं फिरतं.

वकील नको. मागे घरमालकाशी भांडण झालं तेव्हा वकिलाने मला घरमालकापेक्षा जास्त लुटलं होतं. लेक फोनवर म्हणाली, "आई, नेटवर नमुने मिळतात. एक घ्यायचा, नावं बदलायची, झालं."

जावयाला सांगितलं तेव्हा तो गाडीची काच पुसत होता. "भागीदार? मला?" म्हणाला, आणि पुसलेली काच परत पुसायला लागला. आनंद झाला असावा. त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, शिकाऊ माणसाने भिंतीवर गाडी नेली तरी दिसत नाही. शिक्षक म्हणून तो माझ्यापेक्षा चांगला आहे तो याचमुळे.

५ सप्टेंबर

झालं म्हणे.

"भागीदारी करारनामा नमुना" असं शोधलं. पहिल्याच ठिकाणी मोठ्या अक्षरांत "संपूर्ण मोफत". उघडलं तर पहिलं पान स्वच्छ आणि दुसऱ्यापासून सगळं धूसर. मी आधी चष्मा पुसला. मग खाली पाटी दिसली की पुढे वाचायचं असेल तर सभासद व्हा. दुसऱ्याने ईमेल मागितला. दिला. लगेच उत्तर आलं, आपल्या जहाजवाहतूक व्यवसायाबद्दल हार्दिक अभिनंदन. तिसरा नमुना पूर्ण मिळाला, पण तो दुभत्या जनावरांच्या संयुक्त मालकीचा होता. त्यात आटलेल्या जनावराचं काय करायचं यावरच दोन पानं. चौथा सगळ्यात बरा होता, फक्त त्यातला एक भागीदार सुरुवातीलाच मयत.

आणि ती भाषा. लिहून देणार, लिहून घेणार, सदरहू, उभय पक्ष, उपरोक्त. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. शेवटापर्यंत पोचावं तर सुरुवातीला कोण कोणाला काय देत होतं ते विसरलेलं. मी एवढी वर्षं लोकांना सांगत आले की वळायच्या आधी हात दाखवा. ही मंडळी हात न दाखवता एका वाक्यात पाचदा वळतात.

६ सप्टेंबर

आज शहाणपणा केला आणि नेमकं शोधलं. "सासू आणि जावई भागीदारी करार."

निघालं काय, तर सासूचा जाच, जावयाचा जाच, सासूला कसं जिंकावं याच्या दहा युक्त्या. कोपऱ्यात एक खिडकी उघडली आणि तिच्यात कोणी तरी, माणूस नव्हे, विचारू लागलं, मी आपली काय मदत करू?

मी लिहिलं, मला जावयाबरोबर करार करायचा आहे.

"आपल्या कौटुंबिक वादाबद्दल वाचून वाईट वाटलं."

मी लिहिलं, वाद नाही.

"वाद मिटला असल्यास आनंद आहे. आपल्या जवळचा घटस्फोट-तज्ज्ञ शोधू का?"

मी कॉम्प्युटर बंद केला. पडदा काळा झाला तरी बराच वेळ त्याला बोलत होते. जावई आत येऊन विचारून गेला, "कोणाशी बोलताय आई?" चारचौघांत, म्हणजे शिकायला येणाऱ्यांसमोर, तो मला मॅडम म्हणतो. एरवी आई.

९ सप्टेंबर

शेवटी एका बेकरीवाल्यांचा नमुना धरला. आटोपशीर, सुटसुटीत, सतरा कलमं. बेकरीच्या जागी ड्रायव्हिंग स्कूल, पावाच्या जागी प्रशिक्षण, असं बसून बसून सगळं बदललं. मान आखडली. एक प्रत काढून जावयाला दिली आणि म्हटलं, वाचा आणि सही करा.

हा माणूस खरंच वाचत बसला. मी आजवर कोणाला करार वाचताना पाहिलेलं नाही. संध्याकाळी आला, कागदात बोट घालून.

"आई, चौदाव्या कलमात ओव्हन आहे."

"कुठे?"

"सदरहू ओव्हन उभय पक्षांनी आळीपाळीने स्वच्छ ठेवावयाचा आहे. आपल्याकडे ओव्हन नाही."

"खोडा मग."

"खोडला. आणि माझ्या पत्त्याची जागा रिकामी आहे."

"तुमचा पत्ता तुम्हीच भरा ना. तोही मीच शोधायचा का नेटवर?"

बरं म्हणाला आणि गेला.

१२ सप्टेंबर

लेक आली होती. एकटीच. हल्ली ही दोघं जोडीने येतच नाहीत. ती आली की तो वर्गावर, तो मोकळा की तिला ऑफिस. मी म्हटलं, एकदा दोघं मिळून या, बसू, करार संपवू. तर म्हणाली, "आम्ही दोघं असण्याची काय गरज? करार तुमच्या दोघांचा आहे."

मग स्वतःच माझ्या खुर्चीत बसली आणि एक अठरावं कलम लिहिलं. "उभय पक्षांमधील कौटुंबिक नाते कोणत्याही कारणाने संपुष्टात आल्यास त्याचा सदरहू भागीदारीवर परिणाम होणार नाही."

मी वाचलं आणि म्हटलं, "हे कुठल्या नमुन्यात आहे?"

"नमुन्यात नाही. मी लिहिलंय."

"नातं कसं संपुष्टात येतं? मी मेल्यावर ना? त्याच्यासाठी अकरावं कलम आहे. एकदा मारलंत तेवढं पुरे, आता अठराव्यातही मारताय?"

"आई, तू कशाचा काय अर्थ काढतेस."

"मग दुसरा काय अर्थ आहे?"

ती कॉम्प्युटरच्या वायरशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "राहू दे ना, एक ओळ तर आहे."

तिच्यासमोरच पुसून टाकलं. पोटच्या पोरीने आईच्या मरणाची तजवीज करताना निदान आईच्या खुर्चीत तरी बसू नये. वाईट वाटलं मला, लपवत नाही.

१३ सप्टेंबर

सकाळी ऑफिसच्या बेसिनवर दाढीचा ब्रश आणि साबण. कपाटाच्या मागे घडी घालून ठेवलेलं पांघरूण. जावयाला विचारलं तर म्हणाला, "सकाळी लवकर यावं लागतं, म्हणून इथेच आवरतो." आवरतो तर आवरा, पण बेसिन माझं आहे, साबणाचे डाग पडतात. लेकीला फोन करून म्हटलं, तुझ्या नवऱ्याला घरी दाढी करू देत नाहीस का? ती म्हणाली, मीटिंगमध्ये आहे.

करार परत दिलाय त्याने. पत्त्याची जागा अजून रिकामी. शेवटी मीच त्यांच्या भाड्याच्या घराचा पत्ता भरला. या घरात एक काम दुसरं कोणी करेल तर शपथ.

१७ सप्टेंबर

आता जावईबापूंचा आक्षेप आला. कलम सतरा काढा म्हणतात.

कलम सतरा काय, तर "उभय पक्षांनी या कराराशी संबंधित कोणतीही महत्त्वाची बाब एकमेकांपासून लपवून ठेवलेली नाही." मी पाहिलेल्या यच्चयावत नमुन्यांत हे आहे. जहाजवाल्यांत आहे, जनावरवाल्यांत आहे. शेवटी लावायची वेलबुट्टी आहे ती, कोणी वाचतही नाही.

"असू द्या की. तुम्हाला काय अडतंय?"

"नसलं तर बरं होईल, आई."

"का?"

"नसलं तर बरं."

एकाला सतरावं नको, दुसरीला अठरावं हवं. मी सोळाव्यावर येऊन थांबलेय आणि तारीख पुढे सरकतेय. लेक परत फोनवर अठराव्याबद्दल बोलली तेव्हा मी म्हटलं, तू आणि तुझा नवरा आधी घरी बसून ठरवा आणि मग मला एकच काय ते सांगा. त्यावर ती हसली. काही तरीच हसली.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला. हा लपवतोय काय?

१९ सप्टेंबर

रात्रभर विचार केला आणि उत्तर सापडलं. डोळे.

चाळिशी उलटली त्याची. हल्ली करार वाचताना कागद लांब धरतो. परवा आरशात पाहून डोळे चोळत होता, लाल झाले होते. झोप झाली नाही म्हणाला. म्हणजे नजर अधू झालीय, चष्मा लागलाय आणि परवाना कार्यालयात पकडले जाऊ म्हणून घाबरलाय. शिकवणाऱ्याची नजर गेली की झालं, माझा गुडघा आणि त्याचे डोळे, शाळा काय आंधळ्या-लंगड्यांनी चालवायची?

दुपारी त्याला रस्त्याच्या टोकाशी नेलं. परीक्षेला उभं करतात तेवढ्या अंतरावर उभं केलं.

"ती निळी गाडी. नंबर वाचा."

वाचला.

"तिच्या पुढची."

वाचला. मी लंगडत जाऊन पडताळून आले. बरोबर होता.

"डावा डोळा झाका."

झाकला. उजवा झाकला. समोरच्या दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरं वाचली, त्याच्या खालचा फोन नंबर वाचला, जो मला पाटीजवळ जाऊनही दिसला नाही. आमच्याकडे गाडी शिकायला येतात त्या निवृत्त मुख्याध्यापिका, मी त्यांना हेडबाई म्हणते, त्या गाडीत बसून हे सगळं पाहत होत्या. म्हणाल्या, "यांना शिक्षा कशाबद्दल?"

तो म्हणाला, "मॅडमना माझी काळजी वाटते."

मला शरमल्यासारखं झालं. पण मग डोळे लाल का, ते काही कळेना.

२१ सप्टेंबर

त्या कोपऱ्यातल्या खिडकीने माझा पिच्छा सोडलेला नाही. तेव्हापासून फोन उघडला की घटस्फोटाच्या वकिलांच्या जाहिराती. बातम्या बघा, वकील. हवामान बघा, वकील. "शांतपणे वेगळे व्हा, पहिला सल्ला मोफत." नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झाली, मी आता कोणापासून वेगळी होऊ?

लेक आली होती, माझा फोन हातात घेतला आणि एकदम थांबली.

"आई, हे काय बघतेयस तू?"

"मी कशाला बघू? आपोआप येतं."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? एकदा चुकून काही दाबलं की पाठीच लागतात ते."

ती खाली बसली. ग्लासभर पाणी प्यायली. मग विचारलं, "म्हणजे तुला काहीच माहीत नाही?" मी म्हटलं, "बाई गं, मला माहीत असतं तर मी जाहिराती बंद केल्या नसत्या का?" मग जाताना उगाच मिठी मारली. आजकालची पोरं जाहिरातींनाही घाबरतात.

जाहिराती कशा बंद करायच्या ते मात्र न सांगताच गेली.

२४ सप्टेंबर

मी हात टेकले. परवाना कार्यालयाशेजारच्या टायपिंगवाल्याकडे सगळं टाइप करून घेतलं. स्वच्छ कागद, सतरा कलमं, शेवटी "हा करारनामा आम्ही राजीखुशीने, शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवला आहे." साक्षीला टायपिंगवाला तयार. फक्त सही. जावई म्हणाला, दोन दिवस द्या.

"काय आहे त्यात अजून वाचायचं? ओव्हन गेला ना?"

"ओव्हन गेला."

"मग?"

"दोन दिवस, आई."

मला वाटतं त्याला दुसऱ्या कुठल्या शाळेने बोलावलंय. तसं असेल तर माझी शाळा महिनाअखेरीला संपली. इतकी वर्षं याला मुलासारखं वागवलं, आणि ऐन वेळी हा मला लटकवणार. संताप संताप झालाय. जेवण गेलं नाही.

२६ सप्टेंबर

लिहायची इच्छा नाही.

२७ सप्टेंबर

काल सांगितलं त्याने.

शेवटचा वर्ग संपवून ऑफिसात आला. करार टेबलावर ठेवला, सतराव्या कलमावर बोट ठेवलं आणि उभ्यानेच बोलला. "आई, हे वाक्य मी तुमच्यासमोर लिहून देऊ शकत नाही. आम्ही दोघं वेगळे झालोय. घर सोडून चार महिने झाले. ती मैत्रिणीकडे राहते. मी इथे झोपतो. कोर्टात अर्ज गेलाय."

मी विचारलं, तुम्ही काय केलंत तिला? तो म्हणाला, काही नाही. मी विचारलं, मग तिने काय केलं? तो म्हणाला, तिनेही काही नाही. "भांडण असतं तर मिटवलं असतं. आम्ही एकमेकांना काही सांगेनासे झालो होतो."

काही न करता संसार मोडतो? माझा विश्वास बसेना, आणि विश्वास बसला नाही की मी ओरडते. काय काय बोलले ते लिहीत नाही. तुम्हाला शाळा हवी होती म्हणून गप्प बसलात, असंही बोलले. जो सही टाळत होता त्यालाच हे बोलले. शेवटी म्हटलं, किल्ल्या ठेवा आणि चालते व्हा.

त्याने गाडीची किल्ली, ऑफिसची किल्ली दोन्ही करारावर ठेवल्या, पांघरूण घेतलं आणि गेला. दाढीचा ब्रश राहिला.

आज सकाळी हेडबाईंची परीक्षा होती हे मी पार विसरले होते. ऑफिस उघडायला गेले तर दारात हेडबाई, आणि त्यांच्या शेजारी तो. कालचाच शर्ट. रात्र कुठे काढली ते मी विचारलं नाही.

"मॅडम, गाडीची किल्ली. यांची परीक्षा आहे."

दिली. हेडबाई पास झाल्या. त्याने गाडी आणून लावली, किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "येतो, मॅडम." हेडबाई तेव्हा निघून गेल्या होत्या. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. मॅडम ऐकलं, आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं की मी काय घालवायला निघालेय. शाळेचं मी म्हणत नाहीये.

संध्याकाळी लेकीला बोलावलं. ती आल्या आल्या रडली, मग मी रडले, मग भांडलो.

"मला चार महिने सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू त्याला त्याच दिवशी हाकलून दिलं असतंस. आणि मग परवान्याचं काय? मीच त्याला म्हटलं, आईची सही होऊ दे, मग सांगू. तो तयारच होईना. रोज फोन, सतरावं कलम, सतरावं कलम. आईंना खोटं लिहून देणार नाही."

"आणि तुझं ते अठरावं?"

"तुम्ही दोघं एकत्र राहावंत म्हणून होतं ते. मी गेले तरी."

मी म्हटलं, मी काही एवढी तापट नाही की ऐकून न घेता माणसाला घालवीन. काल काय झालं ते त्याने तिला सांगितलेलं नव्हतं. मलाच सांगावं लागलं.

तिच्यावर मी अजून रागावलेली आहे. तो राग कुठे ठेवायचा ते कळत नाही. तिला म्हटलं, पुन्हा एकदा विचार कर. ती म्हणाली, "आई, तोच करत होते चार महिने." मग मी तिचं अंथरूण घातलं. ती रात्री इथेच झोपली, लहानपणी झोपायची तशी भिंतीकडे तोंड करून.

२८ सप्टेंबर

सकाळपासून कॉम्प्युटरसमोर. "जावई जावई राहिला नाही तरी भागीदार राहण्याचा करार, नमुना." काही नाही. "घटस्फोटानंतर सासूशी व्यवसाय." वकील, वकील, वकील. ती कोपऱ्यातली खिडकी परत आली, आपल्या कौटुंबिक वादाबद्दल वाईट वाटतंय म्हणाली. या खेपेला मी तिला काही बोलले नाही.

जगात जहाजांचे करार आहेत, गाई-म्हशींचे आहेत, मेलेल्या भागीदारांचे आहेत, आणि याचा एकही नाही. म्हणजे सगळ्यांनी हे तोंडीच निस्तरलं असणार, किंवा निस्तरलंच नसणार. लेकीने लिहिलेलं कलम आठवून परत टाइप करून पाहिलं. ते कायद्यात बसेल, पण त्यात माझ्या तोंडाचा काहीच बंदोबस्त नव्हता. मग दुपारी एका कागदावर माझं मीच लिहिलं. सदरहू आणि उपरोक्त जमेल तेवढे घातले.

तेवढं झाल्यावर त्याला फोन केला. बोलायचं बरंच ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "उद्या दहा वाजता टायपिंगवाल्याकडे या. आणि तुमचा ब्रश इथे राहिलाय."

"बरं," म्हणाला. मॅडमही नाही आणि आईही नाही.

२९ सप्टेंबर

टायपिंगवाल्याने माझा कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "बाई, असं कलम कुठल्याच करारात नसतं."

"मला सांगू नका. महिनाभर शोधतेय मी."

"कार्यालयात हसतील."

"हसू द्या. शिक्का मारतील ना?"

शिक्का मारतील म्हणाला, आणि टाइप करायला लागला. पत्त्याच्या जागी काय घालू, असं विचारलं त्याने. जावई म्हणाला, खोली बघतोय, अजून ठरलं नाही. मी म्हटलं, शाळेचा घाला. शाळेचाच घातला.

मग जावई वाचायला बसला. पहिल्या कलमापासून. मागे माणसं खोळंबली होती, टायपिंगवाला सुस्कारे सोडत होता, मी गुडघा धरून बाकावर बसले होते, आणि हा गृहस्थ एकेक ओळ बोटाने पुढे सरकवत होता. सतराव्यापाशी थांबला नाही. अठराव्यापाशी थांबला. ते असं आहे :

"प्रथम पक्ष ही आज द्वितीय पक्षाची सासू आहे. उद्या ती सासू राहिली नाही तरी भागीदार राहील, व सदरहू शाळा दोघांची राहील. प्रथम पक्षाचा स्वभाव तापट आहे, ही बाब उभय पक्षांना माहीत आहे. प्रथम पक्षाने रागाच्या भरात द्वितीय पक्षास चालते व्हा असे म्हटल्यास सदरहू बोलणे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या पहिल्या वर्गापर्यंतच लागू राहील, त्यानंतर ते आपोआप रद्द समजावे व द्वितीय पक्षाने कामावर यावे."

त्याने ते वाचलं. पान उलटलं, मागे काही नाही हे पाहिलं, परत उलटलं आणि परत वाचलं. मी रस्त्याकडे बघत होते. निकालाची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी. नाही म्हणाला असता तर त्याचा दोष नव्हता.

"एक चूक आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

"साडेसात नाही, आई. पहिला वर्ग सातला असतो."

त्याने टायपिंगवाल्याचं पेन घेतलं, साडेसात खोडून सात केलं, शेजारी छोटी सही केली, आणि माझीही छोटी सही लागेल म्हणून कागद माझ्याकडे सरकवला.